विहिरीतल्या जनावराचा फोटो

विहिरीत बादली पडली की लोक माझ्या नवऱ्याला बोलवायचे. एरवी त्यांना कोणी विचारत नव्हतं. महाराष्ट्र नवीन झाला होता, तेव्हा आम्ही बुलढाण्याकडच्या उंद्रीजवळ एका खेड्यात दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करायचो.

एका उन्हाळ्यात ते बुडी मारून वर आले नि म्हणाले, "खाली काचेची फुलं हलून राह्यली." फुलं नव्हती, पावलीच्या नाण्याएवढी जनावरं होती. छत्रीसारखी उघडमीट करायची. ऊन थेट डोक्यावर आलं तरच दिसायची. हातात धरली की फाटून जायची.

शाळेच्या गुरुजींनी कळवलं, तसे बुलढाण्याच्या कॉलेजातले सर कॅमेरा घेऊन आले. ह्यांनी श्वास रोखून काचेची बरणी पाण्यातच एका जनावराखाली सरकवली नि ते वर आणलं. सरांनी फोटो काढला. म्हणाले, "महिन्याभरानं मोठ्या सरांना आणतो. त्यांच्यासमोर असंच जिवंत काढा. आमच्याकडे शिपायाची जागा आहे, तुमच्यासाठी शब्द टाकतो."

मग हे विहिरीवर बायकांना सांगत सुटले, "बादली हळू सोडा वं माय, खाली लेकरं हायेत माही."

सरांनी फोटो टपालानं पाठवला. त्यात जनावर ताटलीएवढं दिसत होतं. हे शेतात होते. मी फोटो उचलला नि विहिरीवर नेला. मिरवायला नेला, दुसरं काही कारण नव्हतं.

"अवं माय! एवढं थोरलं? अन् हेच पाणी पेऊन राह्यलो आपून?" माझी जाऊ ओरडली.

"फोटोत मोठं दिसते ते," मी म्हटलं.

"मले शिकवतं का? मामंजीचा फोटो पाह्य. एवढा धिप्पाड माणूस, फोटोत वीतभर. फोटोत सारं लहान होते. मंग हे खरं केवढं असंल?"

चौथीपर्यंत शिकलेली मी, क्षणभर मलाही तिचंच खरं वाटलं.

दिवस मावळायच्या आत लोकांनी विहिरीत पाण्यातले किडे मारायची लाल दवा ओतली. हे शेतातून आले तेव्हा पाणी जांभळं झालं होतं. तसेच कपड्यांसकट आत उतरले. रिकामे वर आले.

ठरल्या दिवशी दोघं सर आले. ओठ निळे पडेपर्यंत ह्यांनी बुड्या मारल्या. बरणीत नुसतं पाणी. मोठे सर घड्याळ बघायला लागले. फोटो पाहून लोकांनी दवा ओतल्याचं कळलं तसे फोटो काढणारे सर चिडले, "फोटो गावात कोणी फिरवला?"

मी तिथंच उभी होते. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्याच."

घरी आल्यावर मारतील असं वाटलं होतं. त्यांनी धोतर पिळून वाळत टाकलं नि कामावर गेले.

पुढे कोणाची बादली पडली तर "गळ टाका" म्हणायचे. पाण्यात उतरले नाहीत. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबले नि त्यातच गेले. मी चुकले, एवढे दोन शब्द मी त्यांना कधी म्हटले नाहीत. आज म्हणू, उद्या म्हणू, असं करत इतकी वर्षं काढली.