थोरल्या जावेमागे लागलेली जाहिरात

लेस्कोवात्स गावात आयवर, म्हणजे भाजलेल्या लाल गोड मिरच्यांची चटणी, विकत आणणाऱ्या बाईला आळशीच समजतात. आणि दोब्रिला नेमका तोच विकायला निघाली होती. नवरा गेला, खाणारी तोंडं कमी झाली, पण हात काही ऐकेनात. तळघर बरण्यांनी भरलं.

सून तियानानं इंटरनेटवर दुकान मांडून दिलं आणि जाहिरातही लावली. दुकानात जो डोकावेल, त्याच्या मागे फेसबुकवर दोब्रिलाचा फोटो फिरणार. हातात बरणी, दात बाहेर.

महिना गेला, एक बरणी खपेना.

"आई, डोकावणारं एकच माणूस आहे," तियाना म्हणाली. "आपल्याच गावचं. रोज येतं, कृती वाचतं नि जातं. नाव काही दिसत नाही."

दोब्रिलाला नाव लागतंय कशाला! थोरली जाऊ, स्तामेना. आयवरात वांगं घालायचं की नाही, यावरून दोघींचं बोलणं तुटलेलं. तेव्हापासून दोब्रिला एकटीच मिरच्या सोलायची. समोर भांडायला कुणी नसलं की ते काम सरता सरत नाही.

"मजकूर बदल," ती सुनेला म्हणाली. "लिही, वांगं घालणाऱ्या बाई, सुधारायला अजून वेळ आहे."

दुसऱ्याच दिवशी दोब्रिला अंगणात भाजलेल्या मिरच्यांची टोपली घेऊन सोलत बसली होती, तोच फाटक धाडकन उघडलं. स्तामेना फोन नाचवत आत.

"अगं भवाने! पाद्रीबुवांचं प्रवचन लावलं तर मध्ये तुझं थोबाड! मांजरं बघायला गेले तर तुझं थोबाड! गावभर शोभा केलीस माझी!"

"गावात कुणाला दिसत नाही ते, जाऊबाई. फक्त तुम्हाला. डोकावता कशाला माझ्या दुकानात?"

"बोट घसरलं."

"रोज?"

"म्हातारं बोट आहे! हे बंद कसं करायचं ते सांग."

"एक बरणी घ्या. घेणाऱ्याचा पिच्छा सुटतो."

"मी? तुझा बिनवांग्याचा चिखल? पैसे मोजून? मेले तरी नाही!"

एवढं बोलून स्तामेनानं स्टूल ओढलं, भाजलेली मिरची उचलली आणि साल काढायला लागली. "ही बघ, करपवलीस. माझ्या दिराला हेच घालत होतीस ना? म्हणून सुटला बिचारा लवकर."

दोब्रिलानं पदराआड हसायचं तर तिला पदर नव्हता. तिनं तोंड टोपलीत घातलं.

तियाना दारात आली. "आई, बंद करू का जाहिरात?"

सासूनं तिच्याकडे असं काही पाहिलं की ती मुकाट्यानं आत गेली.