न्हाणीघरातली एक फरशी

ती हकीकत आठवली की मला आजही हसू येतं, आणि थोडी शरमही वाटते. निजामाच्या अमदानीत मी कळमनुरीच्या ठाण्यावर अमीन, म्हणजे ठाण्याचा प्रमुख होतो. एके सकाळी जवळच्या गावचे एक जमीनदार हिंगोलीच्या गवंड्याला पुढे घालून आले. त्यांच्या न्हाणीघराच्या भिंतींना या गवंड्याने पांढऱ्या चिनी मातीच्या फरश्या बसवल्या होत्या. उरलेल्या दोन फरश्या नाहीशा झाल्या होत्या. गवंडी म्हणत होता, तिथेच ठेवलेल्या पिशवीतून त्याची हत्यारंही गेली.

"यानंच फरश्या इकल्या, आन् हत्यारं गेल्याचं सोंग करून राहिला. कोठडीत घाला," जमीनदार म्हणाले.

माणूस वजनदार होता. मी रोजनामच्यात नोंद केली, गवंड्याला बसवून ठेवलं आणि जमादाराला बाजारात चौकशीला पाठवलं. जबाब घ्यायला दुपार झाली.

"काय काय गेलं?"

"चुना लावायची करणी, बारीक छिन्नी, लाकडी हातोडा आन् फरशी कापायची हिरकणी."

"पिशवीत काय उरलं?"

"वळंबा, गुण्या, पाणसळ ही मापाची हत्यारं, आन् लोखंडी घण. समदं हाय."

माझी लेखणी थांबली. चोराने किमतीचा घण सोडून असली निवडक हत्यारं कशाला न्यावीत? मी विचारलं, "या चार हत्यारांनी काय काम होतं?"

गवंड्याने बोटांवर हत्यारं मोजली. "भिंतीतली एक फरशी काढून दुसरी बसवता येती, सायब."

तेवढ्यात जमादार परतला. फरश्या कुठे विकल्या गेल्या नव्हत्या. पण चुनेवाली म्हणाली होती, "जमीनदारांच्या मालकीणबाई सोता येऊन बांधकामाचा कळीचा चुना घेऊन गेल्या. घरी गडी असताना त्या काहून आल्या, ठावं न्हाई."

आम्ही गवंड्याला घेऊन जमीनदाराच्या घरी गेलो. भिंतीवरून तळवा फिरवत तो बंबाजवळच्या कोपऱ्यात थांबला. "ही कापीव फरशी माझी न्हाई. माझी सांध केसाएवढी असती."

मालकीणबाई दारात उभ्या होत्या. मी विचारलं, "बाई, चुना कशाला नेला?"

"पानाला."

"कळीचा?"

त्यांनी पदर सावरला आणि एकदम बोलून टाकलं, "घागर निसटली न् फरशी तडकली. यांना त्या फरश्यांचं लई कौतुक. आठ दिवस मी खिडकीतून या गवंडीदादांचा हात कसा चालतो ते बघितलं व्हतं. पहिली कापताना फुटली, दुसरी बसली. हत्यारं कणगीत हायेत."

जमीनदार लाल झाले. गवंड्याने मात्र खाली बसून बोटाच्या पेराने फरशी वाजवली. "आवाज भरीव हाय, बाई. आधी पाण्यात भिजवली असती तर आणखी पक्की झाली असती."

"काढ ती! नीट बसव!" जमीनदार गरजले.

"न्हाई मालक. चांगलं काम मी उकरत न्हाई. आन् मला चोर म्हणलात, त्याचं काय?"

"चूक माझी हाय, दादा. माफ करा," बाई म्हणाल्या. मग जमीनदारांनीही हात जोडले, जरा उशिराच. माझे तर आधीच जोडलेले होते. केवळ मोठ्या माणसाच्या शब्दावर मी एका कारागिराला अर्धा दिवस ठाण्यात बसवलं होतं.

नोकरीत पुढे शेकडो चोऱ्या तपासल्या. काय गेलं हे फिर्यादी न विचारता सांगतो. काय मागे राहिलं, हे आपल्याला विचारावं लागतं. आणि हो, घरातली एखादी गोष्ट बाईमाणसाला जमणार नाही, असं मी परत कधी गृहीत धरलं नाही.