भेवाची गोळी

हात गुंतले की तोंड मोकळं होते. आमच्या आंधळगावात मामीच्या, म्हणजे माझ्या सासूच्या ओसरीत आम्ही चार-पाच बाया मागासाठी कोशाच्या रेशमाच्या कांड्या भरत बसतो. कांड्या संध्याकाळी मागावर जातात, किस्से तिथंच ओसरीत साचतात. पहिले ते सासवांचे अन् नवऱ्यांचे असत. आता गोळ्यांचेच निघून राहिले! बाया पोट धरून हसतात. मीही हसते, पण एक डोळा पिहूवर ठेवून. माझी पोट्टी अंगणवाडीत जाते अन् हाताला लागेल ते तोंडात घालते. एखाद्या दिवशी तिच्या तोंडात गोळी गेली तर? बाकी सगळी भीती एकीकडे, ही एकीकडे.

*

सुरुवात माझ्यापासूनच झाली. पिहूले तापात झटका आला होता. ती बरी झाली, पण माझ्या छातीतली धडधड काही जाईना. ती झोपली की मी तिच्या नाकापुढे बोट धरून बसायची. शेवटी भंडाऱ्याच्या डॉक्टरनं बारीकशी गोळी लिहून देली.

"कायची गोळी आहे, साहेब?"

"मनातली भीती कमी करायची. पण हिची सवय लागते. मी सांगेन तेवढीच घ्यायची. मनानं वाढवायची नाही अन् मनानं एकदम बंदही करायची नाही."

झालं! घरी येईपर्यंत मले त्या गोळीचंच भेव बसलं. तसं मी पिहूच्या बाबाले सांगितलं.

ते म्हणे, "मंग परत जाऊन गोळीच्या भेवाची गोळी आण!"

*

मामीले टापटीप फार. एक दिवस तिनं घरातले गोळ्यांचे सगळे पत्ते फोडले अन् गोळ्या एका स्टीलच्या डब्यात भरल्या. तिची बीपीची, साखरेची, माझी, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या गोल. पत्ते चुलीत!

"मामी, आता कोणती कोणाची, कसं समजन?"

"चाखून! कडू लागली ते साखरेची, फिकी लागली ते बीपीची."

"अन् माझी?"

"तुझी काही समजली नाही. म्हणून दोनदा चाखली!"

बाया खदखदल्या. पण त्या दुपारी मामी चरख्यावर बसल्या बसल्या जी कलंडली, ते हलवून हलवून उठेना. मी सासूच्याही नाकापुढे बोट धरलं. संध्याकाळी ती उठली, तसा तो अख्खा डबा मी मेडिकलमध्ये नेला अन् म्हटलं, ह्या ओळखून द्या.

दुकानदार म्हणे, "ताई, रंगावरून, आकारावरून गोळी ओळखत नसतात. पत्त्यावर नाव असते, तेच ओळखायचं. नाव गेलं का गोळी गेली. ह्या कोणीच खाऊ नका."

मी नवा पत्ता घेतला. त्यावर लाल पट्टी होती, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. मी सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरं जोडत जोडत वाचलं, अल्प्राझोलम. वाचून मले वाटलं, हे तर एखाद्या राक्षसाचं नाव!

*

शेजारच्या पुष्पा मावशीचा किस्सा तर सगळ्या गल्लीले पाठ आहे. तिच्या पोरीले पाहायला पाहुणे येणार होते. मावशीचे हातपाय कापत होते. तिची बहीण सिहोऱ्याले राहते, तिलेही डॉक्टरनं हीच गोळी देली होती. तिनं आपल्या पत्त्यातल्या काही गोळ्या कैचीनं कापून हिले देल्या. नाव बहिणीकडं राहिलं, गोळ्या हिच्याकडं आल्या.

मावशीनं एक घेतली. धीर येईना म्हणून दुसरी घेतली. पाहुण्यांपुढं पोह्यांची प्लेट ठेवली अन् तिथंच भिंतीले टेकून डोळे मिटले.

पाहुणी बाई कौतुकानं म्हणे, "पोरीची माय लय शांत स्वभावाची दिसते!"

लग्न जमलं!

*

पण मावशीले त्या गोळीची गोडी लागली. लग्नाची तयारी म्हणून रोज, मग लग्न झालं म्हणून रोज. बहीण पाठवत राहिली. एक दिवस मी तिले डॉक्टरचं बोलणं सांगितलं. सवय लागते, एवढंच तिनं ऐकलं, पुढचं ऐकलंच नाही! घरी जाऊन सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या.

दोन-तीन दिवसांत तिच्या हातातला धागा तुटायला लागला. घाम, थरथर, झोप नाही. अन् मग ओसरीतच तिले झटका आला, अगदी पिहूले आला होता तसा. मी पिहूले उचलून आतल्या खोलीत पळाली.

डॉक्टरनं तिले परत गोळी सुरू केली, हळूहळू कमी करायले.

मावशी कपाळाले हात लावून म्हणे, "घेतली तं घेतली कायले, सोडली तं सोडली काहून! जावई बरा व बाई, एकदाच रुसते!"

*

तिचा नवरा, देवाजी काका, वेगळ्याच हिमतीचा. मोहाची दारू पिऊन आला अन् वरून मावशीची गोळी टाकली.

"दोन्ही झोपेच्याच तं आहेत. एकमेकीले सांभाळून घेतीन!"

त्याचा श्वास इतका मंद झाला की मावशीनं हंबरडाच फोडला. तालुक्याच्या दवाखान्यात तो कसाबसा वाचला.

तिथली डॉक्टरीण म्हणे, "दारूवर ही गोळी म्हणजे श्वासाला कुलूप!"

काका शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलला? "चाबी कोणाजवळ होती?"

सगळे हसले. मी मात्र पिहूले जवळ ओढलं. एवढा दांडगा माणूस! अन् माझी पिहू केवढीशी?

*

आता परवाचं सांगते. दुपारचा चहा झाला, उरलेल्या कांड्या झाल्या, अन् मी खोलीत गेली. पिहू जमिनीवर आडवी. मुठीत माझा पत्ता. एका गोळीची जागा फाटलेली, रिकामी! मी तो कपाटावर ठेवला होता. कपाटाले खुर्ची लावलेली होती.

"पिहू! पिहू वं!"

तिनं डोळे उघडले, परत मिटले. मावशी मिठाचं पाणी घेऊन धावली. "वकू दे तिले!"

मामी कडाडली, "काही पाजू नका! पत्ता घ्या अन् दवाखान्यात चला!"

पिहूचे बाबा फटफटी हाकत होते. मधात मी पिहूले घेऊन, मागं मावशी. माझी मान सारखी खाली पडत होती. रस्त्यात मावशीनं मले जोरात चिमटा काढला.

"अवं, झोपून राहिली काय तू? पोट्टीले धर!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं पत्ता वाचला, पिहूचे डोळे पाहिले, छाती तपासली, मग तिले टेबलावर बसवलं. पोट्टी टुकूटुकू पाहत होती. मी भिंतीले टेकली. माझ्या पापण्या उघड्या राहीनात.

"बेटा, गोळी कशी लागली?"

"मी नाही खाल्ली."

"मग कुठं गेली?"

पिहूनं माझ्याकडं बोट केलं.

"आईच्या चहात टाकली. आई लय भेते."