वरून शेत, खालून पोकळ

आमच्या गावाच्या जैवविविधता समितीत कामाची माणसं तीनच. अंगणवाडीच्या सविताताई अध्यक्ष, जन्मभर भीमेत जाळं टाकलेले आबा, आणि कारेगावच्या कंपनीत क्वालिटीला असलेला मी. भीमेला मिळणाऱ्या आमच्या ओढ्यात काय काय जिवंत आहे, ते रजिस्टरात लिहायचं. लिहायला गेलो मासे आणि साठले किस्से. मासेच कमी झाले, त्याला आम्ही तरी काय करणार!

ठेकेदार ओढ्याची दरड खालून उकरून वाळू काढतो. मग वरची जमीन बसते आणि पाणी खड्ड्यात जिरतं. आता एकच डोह उरलाय. तो वाचवायचा तर जमीन खचतेय हे सरकारी कागदावर यायला हवं.

* * *

मापाशिवाय मला चैन पडत नाही. दरडीवर खुंट्या ठोकल्या, लेव्हल लिहून ठेवली. महिन्यानं मोजलं, तर जमीन वीतभर वर आलेली! कॅल्क्युलेटर बदलून पाहिला, तरी तेच.

आबा म्हणाले, "आरं, तुझ्या खुंट्यांना बाया शेळ्या बांधत्यात. शेळीनं उपटली की पुन्हा ठोकत्यात बिचाऱ्या. आपापल्या ताकदीनं."

* * *

पुण्याहून एक तज्ज्ञ मॅडम फॉर्म घेऊन आल्या. "आबा, मरळ मासा. कुठे आढळतो?"

"आधी डोहात आढळायचा."

"आणि आता?"

"आता आठवणीत. त्याच्या आधी कढईत!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि पोटभर हसल्या. आबा मात्र हसले नाहीत.

* * *

खड्ड्यात एक कासव अडकलं. आम्ही ते उचलून डोहात सोडलं, तर चार दिवसांनी परत खड्ड्यात. पुन्हा सोडलं, पुन्हा हजर! तिसऱ्यांदा मी वैतागून, बिघडलेला माल परत दुरुस्तीला पाठवताना लावतात ते कंपनीचं 'रिवर्क' स्टिकर त्याच्या पाठीवर लावलं. सविताताईंनी मला असं झापलं की स्टिकर काढताना मी कासवाची माफीसुद्धा मागितली.

* * *

ठेकेदारानं कापलेल्या उभ्या दरडीत वेड्या राघूंनी बिळं पाडून घरटी केली. ठेकेदार खूश! "बघा ताई, पाखरांना फुकट घरं बांधून दिली."

"व्हय का? मग पिल्लं उडंस्तोवर घरमालकानं मशीन बंद ठेवावं," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मशीन आलं. निम्मी दरड घरट्यांसकट बसली. त्या दिवशी आमच्यात कोणी थट्टा केली नाही.

* * *

शेवटी पंचनाम्याला तहसीलचे साहेब आले. ठेकेदार पुढं होऊन म्हणाला, "साहेब, जमीन एकदम सॉलिड! ट्रॅक्टर उभा केला तरी हलायची न्हाई." साहेब तसंच लिहायला लागले. हा कागद झाला की डोह गेलाच.

सविताताई म्हणाल्या, "साहेब, एवढी सॉलिड हाय तर ह्यांची सही तिथं घ्या की. त्या बाभळीखाली."

बाभळ बरोब्बर पोखरलेल्या दरडीच्या काठावर. साहेबांनाही गंमत वाटली. त्यांनी पॅड आणि पेन ठेकेदाराच्या हातात दिलं.

ठेकेदार निघाला तोऱ्यात. दहा पावलांवर थांबला. एक पाय पुढं टाकला, मागं घेतला. खाली वाकून बघितलं.

"जावा की!" आबा म्हणाले. "सावली झ्याक हाय."

ठेकेदार घाम पुसत परत आला. "साहेब, पेन चालंना."

साहेबांनी पेन घेतलं, आधी लिहिलेलं खोडलं आणि त्याच पेनानं अख्खं पान भरून लिहिलं.