गोंडे काढलेली सायकल

इतकी वर्षं खाकी घातली, पण कुणी नोकरीतली आठवण विचारली की माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा एक सायकलच येते. दरोडे पाहिले, खून पाहिले, दंगलीत दगड खाल्ले. ते सांगताना माणूस जरा फुशारतो. ही सायकल सांगताना मला थोडी लाज वाटते, आणि शेवटाकडे आलो की हायसं वाटतं. म्हणून हीच सांगतो. नाव मात्र कुणाचंही घेणार नाही.

तेव्हा मी तळवड्याच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात तपासाचं काम पाहत होतो. सकाळची हजेरी चालू होती आणि एक बाई भावाला घेऊन ठाण्यात आली. तिचा नवरा आदल्या दिवशी पहिल्या शिफ्टहून घरी परतलाच नव्हता. कुटुंब मूळचं लातूरकडचं, मोशीत भाड्याच्या खोलीत राहणारं. नवरा पन्नाशीचा, एका लहान कारखान्यात प्रेस मशीनवर डाय, म्हणजे लोखंडी साचा, बसवायचं काम करणारा. मोबाईल बंद लागत होता. ठाणे अंमलदारांनी मिसिंग दाखल करून घेतली. उंची, रंग, अंगावरचे कपडे, सगळं लिहून झालं, आणि मी सहज विचारलं, "सायकल कशी होती?"

तोवर रडत असलेली ती बाई सावरून बसली. "आवं साहेब, तशी सायकल अख्ख्या मोशीत न्हाई," म्हणाली, आणि सांगायला लागली. हँडलला दोन्हीकडं लाल-हिरव्या लोकरीचे गोंडे. चाकांच्या तारांवर रंगीत मणी. सीटला तिच्या जुन्या इरकल लुगड्याच्या काठाचं कव्हर, तिनंच शिवलेलं. पुढं साधी घंटी आणि खाली गावाकडून आणलेली बैलाच्या गळ्यातली पितळी घाटी. मागच्या मडगार्डला रबराची पट्टी, तिच्यावर त्यानं स्वतः रंगवलेला सूर्य.

कारखान्याच्या स्टँडला सायकली असतात शंभर, आणि सगळ्या काळ्या. प्रत्येक जण आपापली खूण करतो. कुणी दोरी बांधतो, कुणी स्टिकर लावतो. या गृहस्थांनी मात्र सायकलीचा नवरदेव केला होता. कामावरचे लोक त्यांना रोज विचारायचे, "काय राव, वरात कुठं निघाली?" ते हसून घाटी वाजवायचे.

मी कंपनीत गेलो. तिथं कळलं की आदल्या दुपारी प्रेसवर अपघात झाला होता. एका सहकाऱ्याचा हात डायमध्ये सापडला. रक्त बघून हे गृहस्थ पांढरेफटक पडले. "मशीनचा गार्ड मीच उघडा ठेवला, माझ्यामुळं त्याचा हात गेला," एवढंच पुटपुटले आणि सायकल काढून गेटबाहेर गेले. इकडे सहकाऱ्याच्या दोन बोटांना टाके पडले आणि हात वाचला. ते ऐकायला हे थांबलेच नाहीत.

मग व्हायचं तेच झालं. सगळ्यांच्या मनात एकच आलं, की माणसाने नदी जवळ केली. अग्निशमन दलाच्या लोकांनी दोन दिवस इंद्रायणीचा काठ पालथा घातला. बाई काठावर बसून होती. पाण्यातून गळ वर आला की ती डोळे मिटून घ्यायची. मला ते बघवत नव्हतं.

चौथ्या दिवशी तळवड्यातल्या एका पंक्चरवाल्याचा फोन आला. हे गृहस्थ बेपत्ता असल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. "साहेब, त्यांची सायकल आत्ता माझ्या दुकानात आहे. दुसराच माणूस घेऊन आलाय. अंगावर एक मणी नाही हो. पण कॅरिअरचं वेल्डिंग मी केलंय, माझं काम मी ओळखणार नाही का?" मी जीप काढली.

सायकल आणणारा माणूस चाकणकडच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये आचारी होता. चिपळूणकडचा, चाळिशीचा, अंगाने किरकोळ. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "भंगारवाल्याकडून घेतली, साहेब." कोणता भंगारवाला? त्याला सांगता येईना. ठाण्यात आणून नोंदी तपासल्या, तर दहा वर्षांपूर्वीची तांब्याच्या तारेची चोरी निघाली. झालं. माझ्यापुरता निकाल लागला.

पंचांसमक्ष सायकल जप्त केली. बाईने कॅरिअर बघितलं, साखळीच्या कव्हरवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ह्यांचीच हाय. पर हिचं सगळं कुणी काढलं?" मी मनात म्हटलं, ज्याला ओळख पुसायची होती त्याने. गोंडे, घाटी, मणी, कव्हर, झाडून सगळं गायब. खूण नाही ठेवायची म्हणजे माणसाचं काहीतरी केलेलं आहे, असा माझा हिशेब.

आचाऱ्याची विचारपूस मी सहा तास केली. हात लावला नाही, पण आवाज चढवला, टेबलावर काठी आपटली. दुसऱ्या तासाला त्याने जबाब फिरवला. "खोटा बोललो साहेब. भंगारवाला कोण नाय. त्यांनी स्वतः दिलीन. जुनी ओळख हाय आमची. मी कँटीनला चालत जातो, त्यांना ठाऊक. रस्त्यात गाठून म्हणाले, ही घे, मला नको आता. कुठं चालले ते नाय सांगितलं."

"मग आधी खोटं का बोललास?"

"माझ्यावर जुनी केस हाय. फुकट सायकल दिली म्हटलं तर तुम्ही मानला असतात काय?"

खरं सांगायचं तर नसतंच मानलं. आताही मानत नव्हतो. मी खुनाच्या गुन्ह्याची फिर्याद तयार करायला बसलो. मराठवाड्यातून पोट भरायला आलेला माणूस मेला, आणि मारणारा समोर बसलाय, अशी माझी पक्की खात्री होती.

आमच्याकडे एक हवालदार होते. मोशीचेच, जुन्या शेतकरी घरातले, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. ते आवारात सायकलीपाशी उकिडवे बसले होते. बराच वेळ बसलेले बघून मी चिडून विचारलं, "हवालदार, पंचनामा झालाय तिचा. काय शोधताय?"

"साहेब, रागवू नका. पण ह्ये चोरानं काढल्यालं न्हाई."

"कशावरून?"

"चोर मणी काढंल तर पक्कड घालून तोडंल, तार वाकंल. हितं एक तार वाकली न्हाई. गोंड्याची गाठ सोडवलीया, कापली न्हाई. घाटीचा नट काढून तिथंच परत आवळलाय. आन् बघा, सायकल पुसलीया. साखळीला ताजं तेल हाय." मग म्हणाले, "आमी बैल इकला तर धुऊन, चारा घालून देतो. पण त्याचं दावं आन् घाटी देत न्हाई. ती घरी ठिवून घेतो. ह्यो माणूस गावाकडचा हाय. त्यानं सायकल दिलीया, साहेब. रीतीनं दिलीया."

मी खाली बसलो आणि एकेक तार बोटाने चाचपली. हवालदार म्हणत होते ते तसंच्या तसं होतं. ज्या गोष्टीवरून मी खून ठरवला होता, तीच गोष्ट माणूस जिवंत असल्याचं सांगत होती. जीव द्यायला निघालेला माणूस गोंड्यांच्या गाठी सोडवत बसत नाही, आणि बसलाच तर ते बरोबर घेऊन जात नाही.

बाईला बोलावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घाटीबी नेली?" मी हो म्हटलं. ती भिंतीला टेकली. "मग हायेत. कुटंतरी हायेत," म्हणाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिने पाणी मागितलं.

तपासाची दिशाच बदलली. माणसाचा फोटो फिरवून काही हाती लागत नव्हतं, म्हणून मी माझ्या लोकांना सायकलीच्या सजावटीची यादी दिली. चाकणच्या पट्ट्यातले सायकल दुरुस्तीवाले सगळे विचारा. दुसऱ्या दिवशी दुपारी एका शिपायाचा फोन आला, आणि गडी हसत होता. एका दुकानात तीन दिवसांपूर्वी कुणीतरी जुनी सायकल घेतली होती आणि तिथंच बाकावर बसून दोन तास तिला गोंडे बांधले होते.

हवालदारांना घेऊन मी निघालो. दुकानदाराने सांगितलेल्या एका पत्र्याच्या शेडबाहेर कामगारांच्या दहा-बारा सायकली उभ्या होत्या. एक लांबूनच ओळखू आली. गोंडे, मणी, इरकलीचं कव्हर, सगळं जिथल्या तिथं. मी पुढं होऊन घाटी वाजवली. आतून एक माणूस हात पुसत बाहेर आला, खाकी बघून जागीच थांबला आणि दोन्ही हात पुढे केले. बेड्यांसाठी.

"त्याचा हात गेला ना साहेब?" एवढंच विचारलं.

"हात आहे. दोन बोटांना टाके पडलेत. कालपासून फिरतोय, तुम्हालाच शोधतोय."

माणूस तिथंच पोरासारखा रडला. हवालदारांनी पाठीवर हात ठेवला. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि खोटं कशाला सांगू, माझेही डोळे भरले होते.

जीपमध्ये मी विचारलं, "ओळखू येऊ नये म्हणून सायकल बदललीत ना? मग हे सगळं परत कशाला बांधलंत?"

ते ओशाळून म्हणाले, "मोकळी सायकल बघवंना, साहेब."

ठाण्यात बाई होती. नवऱ्याला बघून ती आधी भांडली, मग रडली. सहकारी बँडेज बांधलेला हात घेऊन आला होता. त्याने पट्टीतून बाहेर आलेली बोटं हलवून दाखवली. गृहस्थ त्या बोटांकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

आचाऱ्याला मी पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "चूक माझी झाली." वरिष्ठ अधिकाऱ्याने असं म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. तो म्हणाला, "मीच आधी खोटा बोललो, साहेब." गृहस्थांनी मध्येच सांगितलं, "सायकल त्याचीच. दिलेली वस्तू मी माघारी घेत न्हाई."

रीतसर पावती करून सायकल त्याच्या ताब्यात दिली. हँडलला आमची मुद्देमालाची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली होती, तिच्यावर पंचांच्या सह्या आणि खाली माझी. शिपाई ती कापायला गेला तर आचाऱ्याने त्याचा हात धरला.

"राहू दे ती. हिच्यावर माझा असा कायच नाय. उद्या कोणी अडवलान, सायकल कुणाची म्हणून, तर ही दाखवीन."

नियमाने चिठ्ठी काढायला हवी होती. मी काढू दिली नाही. या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, की वस्तू गेली म्हटल्यावर ती काढणाऱ्याचा हात कसा चालला हे बघावं, आणि भिऊन खोटं बोलणाऱ्याला लगेच गुन्हेगार समजू नये. पुढे वर्षभर चाकण रस्त्यावर ती सायकल मला दिसायची. तिच्यावर दुसरी काही सजावट नव्हती. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून हँडलला बांधलेली तेवढी एक चिठ्ठी, आणि मी चुकलो होतो त्या दिवशीची माझी सही.