तंबूतल्या सिनेमाची वीज

पत्नीच्या दुसऱ्या बाळंतपणाचे दिवस भरत आले, तसा माझा देवावरचा विश्वास डळमळू लागला. पहिलं मूल दवाखान्याच्या वाटेवरच गेलं होतं. कानडी मुलखातल्या आमच्या राजाजीनगरात तेव्हा घरं विरळ. ऐन वेळी जटका, म्हणजे घोडागाडी, मिळेलच याचा भरवसा नसे. पत्नी मात्र आमच्या कुलस्वामिनीवर, भवानीवर, सगळं सोपवून शांत होती.

मी कारखान्याची बॅटरीवर चालणारी छोटी मालवाहू गाडी चालवत असे. धूर नाही, आवाज नाही. शेजारी कौतुकानं विचारत, "अण्णा, आम्हालाही मिळेल का अशी?" मी म्हणे, "मिळेल, पण चार्ज कुठे करणार?" मला ठाऊक असलेली जागा एकच, आमचा कारखाना.

त्या संध्याकाळी कळा सुरू झाल्या. जटका मिळेना. मालकांच्या परवानगीनं गाडी दाराशी आणून ठेवली होती, पण दिवसभर माल वाहून तिची बॅटरी उतरलेली. गादी घालून पत्नीला निजवलं आणि निघालो. अर्ध्या वाटेत, माळावर, गाडी मंदावत मंदावत थांबली.

"भवानीआई बघेल," पत्नी म्हणाली. मला रडू कोसळलं.

जवळच टुरिंग टॉकीजचा तंबू होता. आत राजाराणीचा सिनेमा रंगात आलेला, मागे ऑइल इंजिन धडधडत होतं. माझी हाक ऐकून इंजिनवाले गृहस्थ धावत आले. पत्नीकडे पाहिलं, बॅटरीकडे पाहिलं. "स्वल्प थांबा, अण्णा," म्हणाले आणि त्यांनी चक्क खेळ बंद केला. पडद्यावरच्या उजेडाची वीज तारा जोडून माझ्या गाडीत भरू लागले.

आता आरडाओरडा होणार, असं वाटलं. तेवढ्यात आतून एक म्हातारी कानडीत म्हणाली, "राजा थांबेल. बाळ थांबायचं नाही."

बायका बाहेर येऊन पत्नीभोवती लुगड्यांचा आडोसा धरून बसल्या. कनातीच्या फटीतून मला आतलं दिसत होतं: मातीवर बसलेली माणसं, रिकामा पांढुरका पडदा, अंधारात लुकलुकणारे विड्यांचे ठिपके. इंजिनाची ती लय एखाद्या अफाट छातीतून येत असावी, असं वाटू लागलं. काळ कुठे गेला कळलं नाही. माझे हात आपोआप जोडले गेले होते.

गाडी चालली. दवाखान्यात पोचल्यावर थोड्याच वेळात मुलगी झाली, दोघी सुखरूप.

गाडी चालावी म्हणून मी तळमळत होतो, आणि आईनं माझ्यासाठी एवढी माणसं थांबवून धरली. आईवर भार टाकायला मी त्या अंधारात शिकलो. त्या माणसांची नावं मला आजही ठाऊक नाहीत. नमस्कार करताना मी आईचंच नाव घेतो. तो त्यांनाही पोचत असावा.