कुंभकोणमचे नऊ पाळणे

कुंभकोणमला उतरले तेव्हा माझ्या अंगात फक्त झोपण्यापुरतं त्राण उरलं होतं. पंधरा दिवस चेन्नईच्या एका छापखान्यात बसून मराठी क्रमिक पुस्तकांची प्रुफं तपासत होते. डोळे मिटले तरी वेलांट्या दिसायच्या आणि झोप काही यायची नाही. पुण्याच्या हॉस्टेलातली माझी रूममेट शारदा इथल्या शाळेत शिकवते. "शनिवार-रविवार ये आणि नुसती लोळ," म्हणाली, म्हणून पहाटेची गाडी धरली. देवळांच्या गावात जाऊन एकही देऊळ बघायचं नाही, असा पक्का बेत होता.

शारदाचे वडील, अप्पा, तिण्णैवर (दारालगतच्या ओट्यावर) वही घेऊन बसले होते. यांचं घराणं तंजावरच्या मराठी राज्याबरोबर इकडे आलेलं. घराबाहेर तमिळ, घरात मराठी. पण ती आपल्या खापरपणजीची वाटावी अशी, आणि तमिळच्या हेलात.

"ये, ये. प्रवास सुखें झाला कीं? तुजकडे एक काम आहे."

"अप्पा, तिला आधी जेवू तर द्या!" शारदा आतून ओरडली.

रसमभात ओरपताना काम कळलं. शारदाचा भाऊ पुण्यात असतो, त्याला तीन महिन्यांची मुलगी आहे. शारदाची आई गात असे ते नऊ पाळणे अप्पांनी ती गेल्यावर वहीत उतरवले. भाषा मराठी, लिपी तमिळ. त्यांना तीच सरावाची. पुण्याच्या सुनेला ती वाचता येईना. गाऊन पाठवले, तर शब्द लागेनात. शेवटी तिनं सरळच विचारलं, असल्या मराठीनं आमची बाळी झोपेल का? ते अप्पांना फार लागलं होतं. आता मी ऐकून देवनागरीत लिहून द्यायचं होतं.

म्हणजे पुन्हा मराठी अक्षरं! आगीतून फुफाट्यात. "संध्याकाळी बसू," म्हणून मी खोलीत जाऊन झोपेचं सोंग घेतलं. बाहेर भाजीवाली ओरडली, तर अप्पांचा दबका आवाज आला. आधी तिला तमिळमध्ये काहीतरी, मग शारदाला, "पोर निजली आहे. दार वाजवूं नको." मी टक्क जागी, पंख्याकडे बघत पडलेली. मला माझीच लाज वाटली. तरी संध्याकाळी डोकं दुखतं म्हणून सांगितलंच. त्यावर अप्पा स्वतः पितळी पेल्यातून कॉफी घेऊन आले आणि वहीचं नावही काढलं नाही.

रविवारी सकाळी इडलीबरोबर कडप्पा होता (मूगडाळ-बटाट्याचं पातळ कालवण). तो चापल्यावर अप्पा मला गोविंदपुरमच्या विठ्ठलमंदिरात घेऊन गेले. झाला बेताचा बोऱ्या! ते भजनात रंगले. मी खांबाला टेकून घाम पुसत बसले, पायाला मुंग्या आल्या.

गाडी चारची. दोन वाजता मी आपणहून तिण्णैवर बसले. अप्पा डोळे मिटून एकेक ओळ दोनदा गात, मी लिहीत होते. त्यांचा आवाज फाटका, पण सूर पक्का. समोरच्या गल्लीत ऊन तापलं होतं. आठ पाळणे झाले, नववा सुरू झाला.

"अगं ऊठ, गाडी!" शारदा मला गदागदा हलवत होती. मी कागद पिशवीत कोंबले आणि रिक्षाकडे धावले. अप्पा चप्पल न घालताच फाटकापर्यंत आले.

"सगळे झाले कीं?"

"झाले, अप्पा. पुण्याला जाऊन नीट उतरवते आणि सूनबाईंना देते."

पुण्यात आल्यावर कागद उलगडले. 'नीज गे सोनुले, निजली कावेरी, निजलीं भातशेतें, निजलें' इथवर अक्षर ठीक होतं. पुढे पेनाची एक रेघ पार समासाबाहेर गेली होती. कितीतरी दिवसांत मला गोळीशिवाय लागलेली ती पहिली झोप.

फोन लावला. "अप्पा, नववा अर्धाच राहिला."

"कां गे?"

"मला झोप लागली. तुम्ही गात होतात, आणि चौथ्या ओळीला मी आडवी."

पलीकडे अप्पा तमिळमध्ये शारदाला मोठ्यानं काहीतरी सांगू लागले, शारदा खो-खो हसायला लागली. पुन्हा फोनवर आले तेव्हा त्यांचा आवाज ओला होता.

"उरलेला सांगतों, लिही. आणि हेंही सुनेला लिही. खालीं तुझी सही कर."

मी लिहून घेतलं. नवव्या पाळण्याखाली, प्रुफावर मारते तसा शेरा मारला: 'तपासलं. झोप लागते.' आणि सही केली.